गुलमर्गला पहिल्यांदा स्की शिकायला जाताय? आधी थंडीची तयारी करा

निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते. गुलमर्गला जानेवारीत भर दुपारी पारा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि रात्री उणे १० पर्यंत, कधी त्याच्याही खाली जातो. पुण्या-मुंबईहून स्की शिकायला जाणारा माणूस याला घाबरतो आणि घरात असेल-नसेल ते लोकरीचं सगळं बॅगेत कोंबतो. तिथे पोचल्यावर ते सगळं अंगावर चढवतो, अर्ध्या तासात घामाने चिंब होतो आणि मग जी हुडहुडी भरते ती संध्याकाळपर्यंत जात नाही. थंडीत स्की करताना खरा शत्रू ओल आहे. दुसरा शत्रू म्हणजे बोटांपर्यंत रक्त न पोचू देणारी घट्ट वस्तू, मग ती बूट असो, मोजा असो की अंगठी. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

हा लेख ज्यांनी स्की कधी पायात घातलेली नाही त्यांच्यासाठी आहे. वळणं कशी घ्यायची ते प्रशिक्षक शिकवेल. त्याचं शिकवणं डोक्यात शिरेल इतपत तुम्ही उबदार राहावं, एवढंच इथे पाहू.

कधी जायचं

काश्मिरी माणूस हिवाळ्याचे तीन भाग करतो. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, शेवटचे १० दिवस चिल्लई बच्चा. चिल्लई कलानमध्ये नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फाची साय धरते. पहिल्यांदा शिकणाऱ्याने शक्यतो या ४० दिवसांच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा मार्चची सुरुवात बरी. तेव्हा बर्फ भरपूर साचलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि ऊन अंगाला लागतं. जानेवारीतल्या भुसभुशीत ताज्या बर्फाची ओढ ज्यांना असते ते स्की येणारे लोक. आपल्याला तो बर्फ गुडघ्यापर्यंत रुतून बसायलाच उपयोगी.

बर्फाची खात्रीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार पिवळ्या गवताचे होते, बर्फ आला तो महिना संपता संपता. त्यामुळे तारखा बदलता येतील असं तिकीट काढा आणि निघण्याआधी हॉटेलवाल्याला फोन करून आजचा, फक्त आजचाच, फोटो मागवा.

शिकण्यासाठी दोन रस्ते आहेत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग ही संस्था गुलमर्गला निवासी अभ्यासक्रम चालवते. तिथे शिस्त असते आणि सामानही तेच देतात, पण जागा लवकर भरतात. दुसरा रस्ता म्हणजे खासगी प्रशिक्षक. तो घेणार असाल तर आदल्या दिवशी भेटा, त्याचा परवाना बघा आणि एका वेळी किती जणांना शिकवतो ते विचारा. थंडीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आठ जणांच्या गटात तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही नुसते उभे राहता, आणि उभा माणूस सगळ्यात आधी गारठतो.

पारा, वारा आणि उंची

मोबाइलवर दिसणारं तापमान बहुधा श्रीनगरचं असतं, फार तर गुलमर्ग गावाचं. गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यांच्या रोपवेचा, पहिला टप्पा तुम्हाला ३,१०० मीटरच्या आसपास कोंगदोरीला नेतो, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. म्हणजे गावात उणे ५ असेल तर वर उणे १३ धरून चाला.

यात वाऱ्याची भर घाला. हवा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ती उणे २० सारखी लागते. हवा उणे १५ असेल तर तोच वारा तिला उणे २६ करतो. लागणारी थंडी उणे २७-२८ च्या खाली गेली की उघडं नाक, गाल अर्ध्या तासात गोठू शकतात. आणि वारा नसेल तरी उतारावरून घसरताना तुमचा वेग हाच तुमचा वारा. वर उभं असताना ‘आज काय छान ऊन आहे’ म्हणणारा माणूस खाली पोचेपर्यंत नाक चोळत असतो ते यामुळेच.

उंचीचा त्रासही लक्षात ठेवा. मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी २,६५० मीटरवर पोचलेल्या माणसाचं डोकं दुखणं, झोप न लागणं साहजिक आहे. पहिला दिवस फिरण्यात घालवा, स्की दुसऱ्या दिवशी. डोकेदुखीसोबत मळमळ आणि तोल जाणं सुरू झालं तर वर जायचं नाही, खाली उतरायचं.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले, हृदयविकाराचे, दम्याचे, आणि थंडीत ज्यांची बोटं पांढरीफटक पडतात असे लोक निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. मधुमेह्यांसाठी मी हे मुद्दाम लिहितोय. पाय बधीर झालाय हे त्यांना कळतच नाही.

बॅगेत काय भरायचं

सुती बनियन घरी ठेवा. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, कारण आपली अख्खी हयात ‘सुती ते अंगाला चांगलं’ या शिकवणीत गेलेली असते. उकाड्यात ते खरंच आहे. बर्फात मात्र सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्सचंही तेच. बर्फात दोनदा बसलात की ती ओली होते आणि पुढच्या तासाभरात कडक.

तीन थर पुरतात. अंगालगत मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल, वर आणि खाली दोन्ही. त्यावर फ्लीसचा अंगरखा किंवा हलका स्वेटर. सगळ्यात बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. यातलं बाहेरचं जाकीट-पँट गुलमर्गला भाड्याने मिळतं, थर्मल मात्र स्वतःचेच न्या. पिसांचं फुगीर जाकीट संध्याकाळी गावात फिरायला उत्तम, शिकताना अंगात नको. पडाल, भिजेल, आणि भिजलेली पिसं काहीही ऊब देत नाहीत.

गुलमर्गच्या घाटाखालच्या तंगमर्गला गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारे गाडीभोवती गोळा होतात. ‘याच्याशिवाय वर सोडत नाहीत’ असंही कोणी सांगेल. बर्फ बघून फोटो काढून परत येणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. स्की करणाऱ्याला त्या कोटात हात वर करता येत नाही, त्यामुळे शांतपणे नको म्हणा. तंगमर्ग ते गुलमर्ग हा १३ किलोमीटरचा घाट आहे. ताजा बर्फ पडला असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडीच तिथे चालते. त्या गाडीचे पैसे मात्र द्या, तिथे घासाघीस नको.

हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकत्र असलेले मिटन जास्त ऊब देतात. मिटनच्या आत पातळ हातमोजे घाला. बूट आवळायला, गॉगल पुसायला, पैसे द्यायला मिटन काढावेच लागतात, आणि तेव्हा उघडी बोटं लोखंडाला लागता कामा नयेत. मिटनला मनगटात अडकवायची दोरी असेल तर फारच छान. गोंडोलातून खाली पडलेला हातमोजा परत मिळत नाही.

पायमोजे हा नवशिक्यांचा हमखास चुकणारा विषय आहे. दोन-दोन, तीन-तीन मोजे चढवायचे नाहीत. गुडघ्यापर्यंत येणारा, मध्यम जाडीचा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा एकच मोजा घालायचा. स्कीचा बूट पायाला घट्टच बसतो. त्यात आणखी मोजे कोंबले की रक्त अडतं, आणि रक्त अडलं की जगातला कुठलाही मोजा पाय गरम ठेवू शकत नाही. दिवसाला एक याप्रमाणे जोड न्या, म्हणजे ओला मोजा दुसऱ्या दिवशी घालायची वेळ येणार नाही.

डोक्याला हेल्मेट. आपली माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, बसवलीच तर हेल्मेट वर उचललं जातं आणि मग त्याचा उपयोग राहत नाही. हेल्मेटखाली पातळ बालाक्लाव्हा (डोकं, कान, मान झाकणारी तंग टोपी) किंवा गळ्यात ओढून नाकापर्यंत घेता येणारा पट्टा पुरे. तो दोन न्या, कारण श्वासाच्या वाफेने एक दुपारपर्यंत ओला होऊन कडक होतो. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा आणि दुकानातच लावून बघा.

दागिने हॉटेलच्या खोलीत ठेवा. अंगठ्या, बांगड्या, कानातलं, चमकी, सगळंच. धातू झटकन गार होतो, आणि बोट सुजलं की अंगठी निघत नाही. बायकांना विशेष सांगायचं ते जोडव्यांबद्दल. स्कीच्या बुटात जोडवी राहिली तर तासाभरात बोट दुखायला लागतं आणि नेमकं तेच बोट आधी बधीर होतं. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण काढा.

भाड्याच्या दुकानात घाई करायची नाही

सकाळी नऊ वाजता गर्दीत जाण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी जा. दिवसभराच्या आरामाचा निम्मा हिशेब इथेच ठरतो.

तुमचा नंबर आठ का नऊ हे इथे चालत नाही. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. भिंतीला टाच लावून उभे राहा आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी मोजा. २६.५ आली तर तोच आकडा बुटावर शोधायचा. दुकानदार बऱ्याचदा एक माप मोठा बूट देतो, कारण तो पायात चटकन जातो आणि नवखं गिऱ्हाईक खूश होतं. घेऊ नका. मोठ्या बुटात पाय हलतो, मग तुम्ही बकल आवळत सुटता, आणि नडगीवरचं व पायाच्या वरच्या बाजूचं रक्त अडतं.

बूट असा तपासा. थर्मलचा पाय वर सरकवा, बुटाच्या आत फक्त मोजा गेला पाहिजे, त्याला सुरकुती नको. पाय आत घालून टाच दोनदा जमिनीवर आपटा, म्हणजे ती मागे बसेल. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. आता गुडघे पुढे वाकवा. बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत आणि आतल्या आत हलवता आली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. बकल खालून वर लावत या, पंजावरची सैल आणि घोट्यावरची घट्ट. या अवस्थेत दुकानातच दहा मिनिटं बसा. चहा मागवा हवं तर. पायाला मुंग्या आल्या तर दुसरा जोड बघायचा, दुकानदाराने कितीही ‘थोड्या वेळाने सैल होतो’ म्हटलं तरी.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही नवखे आहात ही गोष्ट, यावरून तो किती घट्ट ठेवायचा ते ठरतं. पडल्यावर स्की पायातून सुटली नाही तर गुडघा पिरगळतो. म्हणून खरं वजन सांगा. दोन किलो कमी सांगण्याची ही जागा नाही, जास्त सांगण्याचीही नाही.

सकाळी

बूट रात्रभर खोलीत असू द्या. गाडीच्या डिकीत किंवा व्हरांड्यात राहिलेल्या बुटाचं प्लॅस्टिक इतकं कडक होतं की पाय आत जाता जात नाही, आणि आतलं अस्तर थंडगार असतं ते पुढचे दोन तास तसंच राहतं.

भरपेट न्याहारी करा. काश्मिरी नून चहा मिळाला तर घ्या, मिठाचा चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो पण थंडीत बरा वाटतो. पाणी प्या, तहान नसली तरी. थंडीत तहान कळत नाही आणि कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जात राहतं. शौचालयाचं काम बूट घालण्याआधी उरका. थंडीत लघवी जास्त होते, आणि एवढा जामानिमा उतरवायचा त्रास नको म्हणून पाणीच न पिणं हा तर अगदी वाईट तोडगा.

चेहऱ्याला ५० एसपीएफचं सनस्क्रीन लावा, नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. ढगाळ दिवशीही गॉगल डोळ्यांवरून काढायचा नाही. बर्फाच्या चकाकीने डोळे आल्यासारखे लाल होतात, त्यात वाळू गेल्यासारखं वाटतं आणि एक-दोन दिवस उघडवत नाहीत. तेल किंवा व्हॅसलीन थापलं की थंडी लागत नाही हा समज मात्र सोडून द्या. ओठांना लावा, फुटणार नाहीत. हिमदंशापासून त्याने संरक्षण मिळत नाही.

आणि कपडे? दारातून बाहेर पडताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच छान उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय.

उतारावर

सुरुवातीच्या उतारावर तुम्ही घसरता कमी आणि चढता जास्त. लिफ्ट नसलेल्या ठिकाणी स्की आडव्या करून पायरी-पायरीने वर जायचं, दहा सेकंद खाली यायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा चढायचं. पहिल्या तासात घाम फुटतो तो इथे. म्हणून चढायला लागण्याआधी जाकिटाची चेन उघडा, काखेखाली झडपा असतील तर त्याही. वर पोचून प्रशिक्षकाचं बोलणं ऐकायला उभं राहिलात की लगेच बंद करा. हे दिवसातून वीस वेळा करावं लागतं आणि कंटाळा येतो. तरीही करा.

गॉगल कपाळावर चढवायचा नाही. डोक्यातली वाफ आतल्या काचेवर बसते, खाली घेतला की गोठते, आणि मग काही दिसत नाही. आतली काच बोटाने घासू नका, तिच्यावरचा वाफरोधक लेप निघून जातो. मऊ कापडाने नुसतं टिपा.

पडणं आलंच. तोल जातोय असं वाटलं की बाजूला, कुल्ल्यावर पडा. हात मागे टेकायला गेलात तर मनगट दुखावतं. उठण्याआधी स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठताच घसरायला लागाल. बर्फात बसून गप्पा मारायच्या नाहीत, उठून कपड्यांवरचा बर्फ झटकायचा. मनगटाच्या कडेने आत गेलेला बर्फ लगेच काढा. तो वितळला की मिटन आतून ओला, आणि ओल्या मिटनने दिवस निघत नाही.

खूप थंडीत, उणे १५ च्या खाली, बर्फाची जातच बदलते. पायाखाली तो करकरतो आणि स्की वाळूवरून ओढल्यासारखी चालते. घसरण्यासाठी स्कीखाली पाण्याचा जो पातळसा थर लागतो तो एवढ्या थंडीत नीट तयार होत नाही. नवशिक्याला हे एका अर्थी सोयीचं आहे, वेग आपोआप कमी. पण सपाटीवर ढकलून ढकलून दमायला होतं. दुकानदाराला स्कीच्या तळाला थंडीचं मेण लावायला सांगा. चांगला दुकानदार विचारण्याआधीच लावतो.

हाताची बोटं गार पडली तर हात फिरवा, क्रिकेटमध्ये गोलंदाज खांदा मोकळा करतो तसे, पूर्ण गोल, वीस-तीस वेळा. रक्त जोराने बोटांत येतं आणि ठणका लागतो, तो चांगला. पायांसाठी एक स्की काढून पाय पुढे-मागे झोकायचा. खुर्चीच्या लिफ्टवर बसलात तर पंजावरची बकल सैल करा आणि बोटं हलवत राहा, उतरण्याआधी पुन्हा लावा.

खिशात खायला ठेवा, पण काय ते जपून. चिक्की या थंडीत दगड होते, तिच्यावर दात आपटू नका. शेंगदाण्याचे लाडू, खजूर, राजगिऱ्याची वडी चालते. आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. मोबाइलही तिथेच. बाहेरच्या खिशात ६० टक्के चार्ज असलेला फोन पटकन बंद पडतो. आणि दुसऱ्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून गटातल्या निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

दर पाऊण तासाने आत जा. काही होत नसलं तरी. तीन-चार दिवसांच्या शिकण्यात लोकांचा उत्साह पहिल्या दिवशी दुपारी दोनला ओसंडत असतो आणि तेव्हाच अंग दमलेलं असतं. तीननंतर ऊन डोंगराआड जायला लागलं की पारा झपाट्याने पडतो आणि दिवसा मऊ झालेला बर्फ काचेसारखा होतो. ‘आता शेवटची एक’ असं मनात आलं की ती घ्यायची नाही.

जोडीदाराचं नाक बघत राहा

आपलं नाक आपल्याला दिसत नाही, म्हणून जोडी ठरवा आणि प्रत्येक थांब्यावर एकमेकांचे चेहरे बघा. आपल्या सावळ्या कातडीवर पहिली खूण पटकन ओळखू येत नाही. नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर किंवा कानाच्या पाळीवर रुपयाएवढा डाग आजूबाजूपेक्षा फिकट, राखाडी, मेणचट दिसतो. त्याआधी तिथे टोचत असतं, मग टोचणं थांबतं. टोचणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं माणूस समजतो. तिथेच फसतो.

या टप्प्यावर उपाय सोपा आहे. आडोशाला जा, उबदार तळवा त्या जागेवर नुसता धरून ठेवा. बोटं असतील तर स्वतःच्या किंवा मित्राच्या काखेत. रंग परत येतो, झिणझिण्या येतात. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच चोळायचा नाही. तो जुना सल्ला कातडी सोलून काढतो. त्या दिवशीची स्की तिथेच संपली असं समजा.

जागा कडक लागत असेल, संवेदना परत येत नसेल, फोड आले असतील, तर तो हिमदंश. तेव्हा डॉक्टर गाठायचा. वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मध्येच गरम करू नका, वितळून परत गोठलेली बोटं फार जास्त बिघडतात. आत पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे कोपराला सुखावह कोमट. बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या काश्मिरी शेगडीजवळ, हात नेऊ नका. बधीर हाताला चटका कळत नाही आणि हिमदंशावर भाजणं वाढतं. फोड फोडायचे नाहीत.

अख्खं अंग गार पडणं हा वेगळा धोका. आधी जोराची हुडहुडी भरते. मग माणूस अडखळतो, बोलताना शब्द जड येतात, चेन लावता येत नाही, चिडचिड करतो. त्याला ताबडतोब आत न्या, ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. रम द्यायची नाही. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फाकतात, गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. हुडहुडी थांबली आणि माणूस पेंगायला लागला तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे, थेट रुग्णालय.

दुसरा टप्पा

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटला जाऊन बर्फ बघा, फोटो काढा, गोंडोलानेच खाली या. स्की घेऊन तिथून उतरणं नवख्याचं काम नाही, कोणी कितीही ‘मी आहे ना सोबत’ म्हटलं तरी. तिथले बहुतेक उतार म्हणजे मोकळा डोंगर आहे आणि हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान त्यात गेले, आणि ही संस्था १९४८ पासून बर्फातलंच शिक्षण देते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. अशा उतारावर जाणाऱ्यांकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं संदेशयंत्र), लांब शोधकाठी आणि फावडं असतं, ते वापरायचा सराव असतो आणि स्थानिक वाटाड्या सोबत असतो. गुलमर्गची स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालणारी तुकडी, हिमस्खलनाचा अंदाज देते, तो वाचायची सवय लावून घ्या. गोंडोला वाऱ्यामुळे बंद असेल तर हुज्जत न घालता खालच्या उतारावर सराव करा.

संध्याकाळी

खोलीत आल्याआल्या आतले कपडे बदला, मग चहा. बुटातलं अस्तर बाहेर ओढून काढा, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि बुखारीपासून दोन-तीन हात लांब ठेवा. जवळ ठेवलं तर अस्तर आक्रसतं. मिटनही उलटे करून वाळवा.

लाकडाची बुखारी असेल तर धुराड्याची नळी नीट जोडलेली आहे ना, धूर खोलीत येत नाही ना ते बघा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. कोळशाची शेगडी किंवा कांगडी (निखारे भरलेलं, वेताच्या टोपलीतलं मातीचं भांडं) खोलीत घेऊन झोपायचं नाही. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. स्थानिक लोक फेरनच्या, म्हणजे सैल लांब झग्याच्या, आत कांगडी घेऊन आयुष्य काढतात, तो सराव तुम्हाला-आम्हाला नाही. विजेचं पांघरूण झोपण्याआधी तापवून बंद करा.

प्रवास विमा घेताना ‘स्कीइंग’ त्यात आहे का हे कलमांमध्ये शोधा, साहसी खेळ अनेक पॉलिसींमधून वगळलेले असतात. गुलमर्गला प्रथमोपचार मिळतात, मोडलेल्या हाडासाठी मात्र ५० किलोमीटरवरचं श्रीनगर गाठावं लागतं, आणि बर्फ पडत असेल तर तेवढ्या अंतरालाही बरेच तास लागू शकतात. नेहमीची औषधं सगळ्या दिवसांची आणि वर दोन दिवसांची घ्या. इन्सुलिन असेल तर ते आतल्या खिशात ठेवा. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.